वाखरीहून परत फिरलेला वारकरी दाखवा

‘पोहोचण्यात काय ठेवलंय, खरी मजा वाटेत असते’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला पुण्याजवळच्या मोशीच्या भारतमाता चौकात यावं, नाशिकच्या दिशेला तोंड करावं आणि हे वाक्य मोठ्याने म्हणावं. श्रोत्यांची वाण पडणार नाही. चाकणच्या कंपन्यांच्या बस, कंटेनर, टेम्पो, डब्याची पिशवी हँडलला अडकवलेले दुचाकीवाले असे सगळे हजर असतात. जागचे हलत नसल्यामुळे ते वाक्य शेवटपर्यंत ऐकूनही घेतील. टाळ्या किती पडल्या ते मला जरूर कळवावं.

हे वाक्य आता सुविचारांच्या पंगतीत जाऊन बसलंय. बुलेटच्या मागच्या स्टिकरवर ते असतं, सहलींच्या पत्रकांवर असतं, निवृत्तीच्या निरोप समारंभात तर असतंच असतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका व्याख्यात्यांनी तासभर हेच समजावून सांगितलं. मुक्कामाची ओढ ही म्हणे कच्च्या मनाची खूण. पिकलेलं मन वाटेवरच रमतं. मंडपातले निम्मे लोक लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगावकडून पोटापाण्यासाठी मोशीत येऊन राहिलेले. त्यांच्यातला कोणी वाटेत रमावं म्हणून घराबाहेर पडला होता, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. तरीही त्यांनी टाळ्या वाजवल्या. मंडपात बसल्यावर माणूस कशालाही टाळ्या वाजवतो.

माझं म्हणणं उलट आहे आणि ते अरसिकपणाचं वाटलं तरी माझी हरकत नाही. प्रवासात आनंद असतो, हे मला मान्य आहे. पण तो आनंद उसना असतो. मुक्काम तो उधार देतो आणि वाट तो खर्च करते. मुक्काम काढून घेतला की रस्ता तोच राहतो, झाडं तीच, खिडकी तीच, हातातला वडापावही तोच, पण मजा गेलेली असते.

याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. पुणे–नाशिक रस्ता मोशीच्या मधून जातो. रविवारी पहाटे याच रस्त्याने शिवनेरीला, ओझर–लेण्याद्रीला, भीमाशंकरला, पावसाळ्यात माळशेजला जाणाऱ्यांची रीघ लागते. चाकणच्या तळेगाव चौकात तेही अडकतात. पण अडकलेल्या गाडीत गाणी चालू असतात, पोरं मागच्या काचेतून हात हलवतात, चिवड्याचा डबा पुढून मागे आणि मागून पुढे फिरत असतो. सोमवारी त्याच चौकात, त्याच डांबरावर, तेवढाच वेळ अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले असतात. जो जागा असतो तो घड्याळ बघत असतो, कारण पंचिंगला उशीर झाला की पैसे कापले जातात. रस्त्याने दोन्ही दिवशी सारखंच दिलं होतं. फरक होता तो पुढे काय वाढून ठेवलंय याचा.

यावर उत्तर ठरलेलं आहे. कामाला जाणं हा काही ‘प्रवास’ नव्हे. ही पळवाट मला फार आवडते. नोकरीला जाणं प्रवास नव्हे, दवाखान्यात जाणं प्रवास नव्हे, कोर्टाच्या तारखेला जाणं प्रवास नव्हे, मयतीला जाणं तर नव्हेच. ज्या ज्या जाण्यात मजा नाही ते सगळं एकेक करून यादीतून खोडायचं आणि उरलेल्याकडे बोट दाखवून म्हणायचं, पाहा, प्रवास किती आनंदाचा असतो. असा हिशेब मी काम करतो त्या स्टोअरमध्ये कोणी दाखवला तर ऑडिटवाला त्याला घरी पाठवील. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा प्रसंगागणिक हिशेब मांडायला लावला, कोणतं काम करताना कसं वाटत होतं ते विचारलं. सगळ्यांत तळाला आलं ते सकाळी कामावर जाणं. टेक्सासमध्ये तर चाकणचा चौकही नाही.

आणि ‘प्रवास’ या शब्दाचा मक्ता फक्त सहलीवाल्यांना दिला कोणी? मोशीच्या उपबाजारात खेड, आंबेगाव, जुन्नरकडची पालेभाजी येते. कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटात झाकलेल्या असतात, मुळाकडची बाजू आत, पाला बाहेर. पिकअप चाकणला अडकला की मालक खाली उतरतो, मागे जातो, गोणपाट उचलून हात आत घालतो. पाला गरम लागला की त्याचा चेहरा बदलतो. मग बाटलीतलं प्यायचं पाणी जुड्यांवर शिंपडतो आणि परत येऊन बसतो. तासाभराने पुन्हा तेच. बाजारात पोहोचेपर्यंत पाला कडेने पिवळा पडला तर शेकड्याचा भाव किती खाली येतो ते त्याला तोंडपाठ असतं. या माणसाला वाटेचं सौंदर्य समजावून सांगायला कोणी तयार असेल तर त्याची गाठ घालून द्यायला मी तयार आहे.

दिवाळीतली गंमत आणखी वेगळी. या पट्ट्यातला सगळ्यांत मोठा प्रवास म्हणजे दिवाळीला गावी जाणं. वल्लभनगरचं एसटी स्टँड, नाशिक फाटा, भोसरी, सगळीकडे बॅगा आणि पोरंबाळं घेऊन माणसं उभी. ट्रॅव्हल्सवाले भाडं दुप्पट करतात. रात्रभर पाय मुडपून, कोणाच्या तरी खांद्यावर झोपून, पहाटे फाट्यावर उतरून माणूस घरी पोहोचतो. त्या रात्रीची हकिगत तो पुढे वर्षभर रंगवून सांगतो, हे खरं आहे. पण ती रंगते कारण शेवटी अंगणात आई उभी होती. गावचं घर पडलेलं आहे, आईवडील गेले, भावाशी बोलणं नाही, अशा माणसाला त्याच बसमध्ये बसवून बघा. बस तीच, रात्र तीच. तो दिवाळीला मोशीतच थांबतो.

आता वारीकडे येतो. कारण प्रवासवाद्यांचा हुकमाचा एक्का वारी आहे आणि आम्ही तर राहतोच देहू आणि आळंदी यांच्या मधे. चर्चा कुठूनही सुरू झाली तरी शेवटी हे लोक वारीवर येतात. पाहा म्हणतात, लाखो माणसं ऊनपावसात अडीचशे किलोमीटर चालतात, पंढरपुरात गर्दीमुळे कित्येकांना विठ्ठलाचं दर्शनही होत नाही, कळसाला हात जोडून ते माघारी फिरतात आणि तरीही तृप्त असतात. म्हणजे चालणं हेच सर्वस्व, विठ्ठल निमित्तमात्र.

हे ऐकायला इतकं गोड लागतं की तपासून बघायचं कोणाला सुचत नाही. तपासू या.

तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, असं मानतात. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात शिरते. सगळा हिशेब एकादशीशी बांधलेला. कोणत्या गावात किती थांबायचं, दुपारचा विसावा कुठे, नीरेचं स्नान कधी, रिंगण कोणत्या माळावर, हे सगळं शेवटच्या तारखेवरून मागे मोजत ठरवलेलं आहे. वाटेत रमणाऱ्यांचा हा कारभार असता तर एखाद्या वर्षी फलटण आवडलं म्हणून दोन दिवस जास्त थांबलो, असं कधीतरी घडलं असतं. घडलेलं नाही.

वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर ‘धावा’ होतो. तुकोबांना तिथून कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा सांगते. म्हणून आजही वारकरी तिथे धावतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, म्हातारेकोतारे, सगळे उतारावरून पळत सुटतात. ज्याचा आनंद वाटेत आहे तो वाट संपवायला धावतो का? त्याने तर पाय ओढत चालायला हवं.

आता कळसदर्शनाची गोष्ट. गाभाऱ्यापर्यंत न पोहोचता वारकरी परत फिरतो, हे खरं. पण तो कुठून परत फिरतो ते पाहा. चंद्रभागेत स्नान करून, नामदेव पायरीला डोकं टेकवून, कळसाला हात जोडून तो फिरतो. म्हणजे पंढरपुरात पाय ठेवल्यावर फिरतो. पंढरपूर पाच-सहा किलोमीटरवर असताना वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. तोवर चालणं जवळजवळ सगळं झालेलं असतं. भजनं झाली, रिंगणं झाली, दिंडीतली पिठलं-भाकरी झाली, पाय फोडून झाले. वाटेतला सगळा आनंद पुरेपूर पदरात पडलेला. मग वाखरीहून ‘चला, झाली वारी’ म्हणून घरी परतलेला एक वारकरी मला दाखवा. दहा-पंधरा टक्के माणसं तरी परतायला हवीत, नाही का? पुढे नुसती चेंगराचेंगरी आणि दर्शनबारीची रांग. पण एकही परतत नाही. शेवटच्या त्या थोड्याशा अंतरासाठी आधीचं सगळं अंतर चाललेलं असतं.

याहून मोठा पुरावा परतीचा आहे. पालखी परत येते, हे शहरातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पादुका माघारी निघतात आणि आषाढ वद्य दशमीच्या सुमाराला आळंदीत येतात. जाताना जवळजवळ अडीच आठवडे, येताना दहा-अकरा दिवस. रस्ता तोच, दिवे घाट तोच, फक्त चढाऐवजी उतार, म्हणजे उलट सोपा. हिरवळ जास्त, कारण पाऊस आता नीट लागलेला असतो. रथ तोच, पादुका त्याच, अभंग तेच. वाटेत आनंद भरलेला असेल तर तो परतीलाही तितकाच भेटायला हवा. आणि माणसं किती असतात? मोजकी. जाताना ज्यांना रस्ता पुरत नव्हता ते लाखो लोक एसटीत बसून, ट्रकमध्ये बसून, रेल्वेने, मिळेल त्या वाहनाने कधीच घरी गेलेले असतात. शेतात पेरणी झालेली असते, कोळपणी तोंडावर असते, घर वाट बघत असतं. आता मुक्काम घर झालेलं असतं आणि त्या मुक्कामाकडे जाताना कोणाला चालण्याची हौस उरत नाही. परतीच्या वारीत निष्ठेने चालणाऱ्यांना माझा दंडवत आहे. पण त्यांची संख्या पाहून तरी प्रवासवाद्यांनी आपला सिद्धांत जरा तपासावा.

आणि मग आलं २०२०. करोनामुळे पायी वारी होणार नाही, असं ठरलं. त्या वर्षी सगळ्या वारकरी परंपरेसमोर नेमका हाच प्रश्न आला. वाट की मुक्काम? दोन्ही मिळणार नव्हते. वाट महत्त्वाची असती तर पादुका आळंदीच्या आणि देहूच्या परिसरातच अडीच आठवडे मिरवता आल्या असत्या, देवळाभोवती अडीचशे किलोमीटरच्या प्रदक्षिणा घालता आल्या असत्या. तसं काही झालं नाही. प्रस्थान झालं, पादुका जागीच राहिल्या आणि दशमीला, ३० जूनला, मोजक्या मानकऱ्यांसह एसटीत बसून त्या थेट पंढरपूरला गेल्या. १ जुलैला आषाढी झाली. पुढच्या वर्षीही एसटीच होती, वाखरीपासून थोडं अंतर मोजक्या लोकांना चालू दिलं एवढंच. त्या दोन वर्षांत लोक हळहळले, रडले, चालायला मिळालं नाही म्हणून कित्येकांना घरात बसवेना. ते दुःख खोटं नव्हतं. पण दोहोंतलं एकच वाचवता येत होतं तेव्हा वाट सोडली गेली आणि मुक्काम राखला गेला. शेकडो वर्षं चालणाऱ्यांनी हे ठरवलं, स्टिकरवाल्यांनी नव्हे.

कार्तिकीला मुंबई-कोकणाकडून आळंदीला निघालेल्या दिंड्या देहूवरून आमच्या मोशीतूनच जातात. देहू–आळंदी रस्त्याच्या कडेला लोक चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभे राहतात. दिंडीतल्या एखाद्याला थांबवून बोलायला गेलं तर तो आधी काय विचारतो? “आळंदी किती राहिली, माउली?” चहा ओतणारा म्हणतो, “आलीच की. डुडुळगाव ओलांडलं की आलीच.” लगेच पुढच्याच्या चेहऱ्यावर तरतरी येते, पिशवी खांद्यावर सरकते. दिवसभरात हा सवाल-जवाब शंभरदा होतो. मागच्या रस्त्यावर काय पाहिलं, हे मी विचारल्याशिवाय आजवर कोणी आपणहून सांगितलेलं नाही.

(रस्त्याशेजारून इंद्रायणीही त्याच वाटेने जाते. देहूहून मोशीवरून आळंदीला, पुढे तुळापूरला भीमेत आणि उजनीतून पंढरपूरला. म्हणजे खरी पायी वारी तिचीच. पण वाटेत तिच्यात जे मिसळतं आणि आळंदीला पोहोचेपर्यंत तिच्यावर जो फेस येतो तो पाहिलेल्या माणसाने ‘प्रवास आपल्याला समृद्ध करतो’ हे वाक्य नदीकाठी तरी उच्चारू नये.)

वारी हातची गेली की प्रवासवादी साहित्याकडे वळतात. मराठीतलं प्रवासाचं सर्वांत गाजलेलं पुस्तक कोणतं? विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. नावातच प्रवास. पण भटजी निघाले कशाला होते? पेणजवळच्या वरसईचं हे कुटुंब कर्जात बुडालेलं होतं. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली म्हणून १८५७ मध्ये ते चुलत्यांबरोबर उत्तरेला निघाले. वाटेत सत्तावनचं बंड पेटलं. झाशीच्या वेढ्यात सापडले, कत्तल पाहिली, अनेकदा लुटले गेले, अंगावरच्या कपड्यांनिशी वाचले. हे सगळं वाचताना आपण हरखून जातो. भटजी हरखले होते का? ते जीव मुठीत धरून एका गोष्टीकडे डोळे लावून होते, की वरसईला सुखरूप जायचं. मिळवलेलं बहुतेक लुटलं गेलं तरी काशीची गंगा त्यांनी सोडली नाही. ती कावडीने घरी आणली आणि आईवडिलांना तिने स्नान घातलं. त्यांच्या लेखी प्रवास त्या दिवशी सुफळ झाला. हकिगत त्यांनी लिहिली ती बऱ्याच वर्षांनी आणि छापली गेली ती १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी. वाटेचा आनंद त्या पुस्तकात आहे, पण तो उशाला लोड घेऊन वाचणाऱ्याचा आहे. चालणाऱ्याने त्याची किंमत मोजली, ती मुक्कामासाठी.

बाहेरच्या जगातला या पंथाचा आचार्य म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. पोहोचण्यापेक्षा आशेने चालत राहणं बरं, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं जगभर फिरतं. गाढवी घेऊन फ्रान्सच्या डोंगरांत भटकलेल्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १८७९ मध्ये आलं आणि आपण कुठे जाण्यासाठी नव्हे, तर जाण्यासाठी जातो, हे त्याने त्यात ठासून सांगितलं. ठीक आहे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हा गृहस्थ काय करतो? फॅनी ऑस्बोर्न या बाईवर त्याचं प्रेम बसलेलं असतं आणि ती कॅलिफोर्नियात असते. घरच्यांना न सांगता तो बोटीने अटलांटिक ओलांडतो, मग स्थलांतरितांच्या कोंदट आगगाडीत बसून अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. आधीच छातीचं दुखणं. पोहोचतो तेव्हा अर्धमेला झालेला असतो. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न होतं. आता मला सांगा, त्या गाडीत कोणी त्याला म्हणालं असतं की बाबा रे, फॅनी काही भेटायची नाही, पण खिडकीतून प्रेअरी बघ, तर तो बसून राहिला असता का? गाढवीबरोबर निघालेल्या माणसाकडे परतायला घर होतं, लिहायला पुस्तक होतं आणि वडील चांगले कमावते इंजिनिअर होते. वाटेत रमणं अशा वेळी परवडतं. जीव अडकला की आचार्यसुद्धा मुक्कामाकडे धावतात.

नर्मदा परिक्रमेचा दाखला मात्र मी हलका मानत नाही. गोनीदांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे तो मराठी माणसाच्या मनात घट्ट बसलाय. जिथून निघायचं तिथेच परत यायचं. पारंपरिक हिशेबाने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. इथे मुक्काम कुठे आहे? आहे, आणि फार कडक आहे. नदी ओलांडायची नाही, उजव्या हाताला ठेवायची, ओंकारेश्वराहून उचललेला संकल्प पुरा करून तिथेच जल अर्पण करायचं. वाटेत एकदा चुकून पात्र ओलांडलं तर परिक्रमा खंडित झाली म्हणतात. केवळ चालण्याचा आनंद असता तर खंडित होण्याचा प्रश्न आला कुठून? चालणं तर झालंच होतं. मुक्काम दूरच्या गावात नसून सुरुवातीच्या जागी आहे, एवढाच फरक. अर्ध्यावर सोडलेल्या परिक्रमेचं मावंदं कोणी घालत नाही.

मग हे वाक्य एवढं फोफावलं कसं? एक कारण आमच्या डोळ्यांसमोर उभं असतं. चाकणच्या पट्ट्यात गाड्या तयार होतात आणि नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर याच रस्त्याने जातात. ट्रेलर चौकात अडकला की वरच्या मजल्यावरच्या त्या चकचकीत गाड्या, अजून एक किलोमीटरही न चाललेल्या, धुळीत उभ्या असतात. त्यांच्याच जातीच्या गाड्यांची जाहिरात टीव्हीवर पाहावी. रिकामा घाट, ढग, एकटी गाडी, आणि ती कुठेच जात नसते. जाणार कुठे? वाहन विकणाऱ्याला रस्ता विकता येतो, मुक्काम विकता येत नाही. आई, पांडुरंग, नोकरी, कोथिंबिरीचा भाव, यातलं काहीच शोरूममध्ये मिळत नाही. म्हणून त्याला सोयीचं तत्त्वज्ञान हेच, की कुठे जायचं ते विचारू नका, जाण्यातच धन्यता माना. दुसरी सोय रस्ता बांधणाऱ्यांची. खड्डा बुजवण्यापेक्षा ‘प्रवासाचा आनंद घ्या’ हा फलक लावणं स्वस्त पडतं.

एक आक्षेप उरतो आणि तो मी स्वतःहून घेतो. मुक्काम अनेकदा फसवा निघतो. दुरून डोंगर साजरे. महाबळेश्वरला मे महिन्यात गेलं तर पॉइंटवर दरी दिसायच्या आधी डोकीच दिसतात. थंड हवेच्या ठिकाणी पोहोचल्यावर लोक हॉटेलच्या खोलीत मोबाइल चार्ज करत बसतात आणि घरी आल्यावर म्हणतात, घाटातली मजा वेगळीच होती. हे अगदी खरं आहे. पण यातून सिद्ध काय होतं? निराशा त्याच गोष्टीची होते जिची आस होती. वाटेने कधी कोणाची इतकी घोर निराशा केलेली मी ऐकलेली नाही, कारण वाटेकडून कोणी तेवढं मागितलेलंच नसतं. फसलेल्या मुक्कामानंतर ‘घाट तरी छान होता’ म्हणणं हे बिघडलेल्या जेवणानंतर पानाचं कौतुक करण्यासारखं आहे. यजमानाचं मन राखायला ते ठीक. त्यावरून जेवणापेक्षा पान श्रेष्ठ, असा नियम काढायचा नसतो.

परीक्षाच हवी असेल तर एक सोपी आहे. पुणे आणि नाशिक यांच्यामध्ये आजही थेट रेल्वेमार्ग नाही. सेमी हायस्पीड गाडीचा प्रस्ताव आहे, त्याच्या बातम्या येतात, नकाशे बदलतात, पुन्हा बातम्या येतात. गाडी झाली तर दोन तासांच्या आत नाशिक येईल, असं सांगतात. त्या दिवशी आमच्या गणपतीतल्या त्या व्याख्यात्यांना नाशिकला भाषणाचं आमंत्रण असेल, असं धरू. एका बाजूला ती गाडी, दुसऱ्या बाजूला चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर करत जाणारी एसटी, वाटेत भरपूर प्रवास, खिडकीची जागा माझ्यातर्फे. ते कोणतं तिकीट काढतात ते बघायला मी स्वतः स्टेशनवर जाईन. बाईक चौकातून निघाली तर.